मांडीनं मारलेली दांडी

"काका, मागे रेलू नका."

"रेललो नाहीये."

"रेललात. आरशात बघा."

समोरच्या भिंतीवर आरसा होता. त्यात कॉटच्या काठावर बसलेला, दोन्ही हातांनी काठ गच्च धरलेला चौसष्ट वर्षांचा एक माणूस दिसत होता. धड मागे कललेलं, हनुवटी वर, चेहरा लाल, आणि डावी मांडी गादीपासून जेमतेम बोटभर वर. मी मांडी उचलतोय असं मला अगदी मनापासून वाटत होतं. प्रत्यक्षात मांडी होती तिथंच होती, मीच मागे गेलो होतो.

नोकरीत मी तीस वर्षं दुसऱ्यांची दांडी पकडली. खात्याचं नाव भारदस्त, वैधमापन शास्त्र; बाजारात मात्र आम्ही 'वजनमापवाले'. पारड्याखाली चिकटवलेली चिंच, तराजू उचलताना करंगळीनं दिलेला टेकू, काटा स्थिर व्हायच्या आत पिशवीत गेलेला माल, हे सगळं मला दुकानाच्या बाहेरूनच कळायचं. आणि आता भर दुपारी माझंच शरीर दांडी मारत होतं, तेही मला पत्ता न लागू देता.

जुलैत दूध आणायला खाली उतरलो होतो. नौपाड्यातल्या आमच्या गल्लीत पेव्हर ब्लॉकवर शेवाळ धरलं होतं. पाय सटकला आणि डाव्या कुशीवर पडलो. पिशव्या फुटल्या नाहीत, हाड मोडलं. खुब्याच्या खाली, मांडीचं हाड जिथं सुरू होतं तिथं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन करून हाडात रॉड घातला आणि खुब्याच्या गोळ्यात स्क्रू. ऑपरेशन चांगलं झालं, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. एक्स-रे दाखवताना डॉक्टरांनी एका तुकड्यावर पेन टेकवलं. मांडीच्या हाडाच्या आतल्या अंगाला एक छोटं टेंगूळ असतं, ते सुटून वर सरकलं होतं. "हे असंच राहू देतो, त्याचं काही बिघडत नाही. फक्त पाय उचलायला थोडे दिवस जड जाईल," ते म्हणाले.

'थोडे दिवस' हे माप काही आमच्या कायद्यात बसणारं नाही.

जड जाणं म्हणजे काय, ते घरी आल्यावर कळलं. वॉकर घेऊन चालता यायचं. पण बाथरूमचा दोन इंचांचा उंबरा आला की डावा पाय थबकायचा. पँट घालताना पाय आत जायचा नाही, पँटच पायापर्यंत न्यावी लागे. सहा आठवड्यांनी फेरतपासणीला रिक्षानं निघालो, तेव्हा मी गुडघ्यावरच्या कापडाला चिमटीत धरलं आणि पाय उचलून आत ठेवला, एखादी पिशवी ठेवावी तसा. बायको म्हणाली, "अहो, हे काय?" मी म्हटलं, सोपं पडतं. रिक्षावाला आरशातून बघत होता.

त्या तपासणीत हाड जुळू लागलंय असं दिसलं. पायावर भार द्यायची परवानगी मिळाली आणि फिजिओथेरपी सुरू करा म्हणून चिठ्ठीही. घरापासून दहा मिनिटांवर एक छोटं क्लिनिक आहे. तीन कॉट, मध्ये पडदे, कोपऱ्यात प्लास्टिकचा सांगाडा. तिथल्या मॅडम माझ्या धाकट्या मुलीच्या वयाच्या, अंगानं अगदीच बारीक. मला मनात आलं, ही मुलगी माझ्या मांडीला काय जोर लावणार.

पहिल्या दिवशी त्यांनी जोर लावलाच नाही. चिठ्ठी वाचली, एक्स-रे उजेडात धरला, त्या सुटलेल्या टेंगळावर बोट ठेवलं आणि मला सांगाड्यापाशी नेलं. कमरेच्या मणक्यांच्या दोन्ही बाजूंनी एक लांबट स्नायू निघतो, सोअस. तो पोटाच्या आतून, कटिभागाच्या पुढून खाली उतरतो. वाटेत कटीच्या पसरट हाडाच्या आतून आलेला इलिॲकस त्याला मिळतो आणि दोघे मिळून बरोबर त्या टेंगळाला चिकटतात. जोडीचं नाव इलिओसोअस. मांडी पोटाकडे उचलायचं मुख्य काम यांचं, म्हणून यांना हिप फ्लेक्सर म्हणायचं. म्हणजे माझी दोरी शाबूत होती, ती जिथं बांधली होती ती खुंटीच हलली होती.

हा स्नायू बाहेरून दिसत नाही. दंडासारखा फुगवून दाखवता येत नाही. मटणाच्या दुकानांचे काटे तपासताना मी तो बघितला असणार हे मला नंतर सुचलं. पाठीच्या कण्याच्या आतल्या अंगाला जो मऊ, लांबट तुकडा निघतो, तो हाच. मॅडमना मी हे सांगितलं. त्यांना ते फारसं आवडलं नाही, बहुतेक शाकाहारी असाव्यात.

मग कॉट. ती बसण्याची रीतसुद्धा ठरलेली. दोन्ही मांड्या पूर्ण गादीवर, काठ गुडघ्याच्या खोबणीजवळ, पाय खाली लोंबकळत, तळवे जमिनीला टेकता कामा नयेत. हातांनी काठ धरला तर चालतो, तोल राहतो. आधी चांगला पाय.

"उजवा गुडघा वर उचला. छताकडे. आता तिथंच धरून ठेवा, मी ढकलीन, मला ढकलू देऊ नका."

त्यांनी उजव्या मांडीवर, गुडघ्याच्या जरा वर, तळहात ठेवला. मी म्हटलं, नडगीवर का नाही? म्हणाल्या, तिथं हात ठेवला तर मध्ये गुडघ्याचा सांधा येतो, मग मोजतोय काय तेच कळत नाही. उत्तर पटलं. दाब एकदम आला नाही. हळूहळू चढत गेला, दोन-तीन सेकंदांत पूर्ण झाला. हात कोपरात सरळ, खांदा हाताच्या वर, आणि अंगाचं सगळं वजन त्या तळहातावर. बारीक मुलीचा जोर कुठून येतो ते तेव्हा समजलं. कॉट त्यांनी मुद्दाम खाली घेऊन ठेवली होती. उजवी मांडी हलली नाही. कागदावर '५'.

डाव्या पायाला त्यांनी हात लावला नाही. फक्त म्हणाल्या, उचला. आणि मग ते आरशाचं झालं.

मी सरळ बसून पुन्हा प्रयत्न केला. या वेळी मागे गेलो नाही, पण मांडी उचलताना बाहेरच्या बाजूला वळली, मांडी घालून बसताना वळते तशी. "ही दुसरी," मॅडम म्हणाल्या. कमरेच्या पुढच्या टोकापासून गुडघ्याच्या आतल्या बाजूपर्यंत तिरका जाणारा एक पट्टीसारखा स्नायू आहे, सार्टोरियस. लॅटिनमध्ये सार्टर म्हणजे शिंपी. मांडी घालून शिवायला बसणाऱ्या शिंप्यावरून हे नाव. तोही मांडी उचलायला मदत करतो, पण उचलता उचलता ती बाहेर वळवतो. मुख्य गडी कमी पडला की हा शेजारी धावून येतो. मांडी आत वळवत उचलणारा आणखी एक शेजारी बाहेरच्या अंगाला आहे. शरीराला फक्त काम झाल्याशी मतलब, कुणी केलं याच्याशी नाही. तपासणाऱ्यानं मात्र तेच बघायचं.

मला हे फार ओळखीचं वाटलं. काट्याचा आकडा बरोबर आहे की नाही हे बघणारा निरीक्षक कच्चा. आकडा येताना दुकानदाराचा अंगठा कुठं आहे, हे बघणारा पक्का.

मॅडमनी दोन गोष्टी आणखी पाहिल्या. कापसाचा बोळा मांडीवरून फिरवून दोन्हीकडे सारखं कळतंय का विचारलं, गुडघा सरळ करायला लावला. मांडी उचलायचा हुकूम कमरेतल्या वरच्या मज्जातंतूंमधून येतो, तिथं काही अडकलेलं नाही ना याची खात्री. आणि विचारलं, "सोडलंत ते दुखलं म्हणून, की जोर संपला म्हणून?" हा प्रश्न मला आधी बावळट वाटला. नंतर कळलं की तोच महत्त्वाचा. दुखलं की माणूस झटक्यात, तुटक तुटक सोडतो. ताकद नसली की एकसारखा खाली येतो. तळहाताला दोन्ही वेगळे लागतात. माझा पाय एकसारखा खाली आला होता.

मग मला उजव्या कुशीवर निजवलं. डावा पाय वर. तो त्यांनी दोन्ही हातांवर झोळीत घ्यावा तसा पेलला आणि म्हणाल्या, "आता गुडघा पोटाकडे ओढा." आणि काय आश्चर्य, आला! सरसर आला. बसून बोटभर न उचलणारा पाय आडवा पोटापर्यंत गेला. बसलेलं असताना त्याला स्वतःच्या वजनाविरुद्ध वर यायचं होतं, इथं वजन मॅडमच्या हातांवर होतं. माणसाचा एक पाय शरीराच्या साधारण सहाव्या हिश्शाइतका भरतो. माझं वजन ७२ किलो, म्हणजे पाय झाला बारा किलोंच्या आसपास. त्यातलं काही बसल्यावर गादी झेलते, तरी बाकीचं त्या आतल्या स्नायूनं उचलायचं.

कागदावर '२'.

"पाचपैकी दोन, म्हणजे ४० टक्के," मी म्हटलं. "पस्तीसला पास असतं."

"टक्के नाहीत काका ते."

पुढच्या चार-पाच भेटींत व्यायाम करता करता मी त्या मापाची उलटतपासणी घेतली. शून्य म्हणजे स्नायूत काहीच हालचाल नाही. एक म्हणजे हालचाल नाही, पण आत फुरफुर आहे. ही फुरफुर पाठीवर झोपवून, जांघेच्या घडीच्या किंचित खाली बोटं खोल दाबून शोधतात. ऑपरेशननंतर हॉस्पिटलमधल्या मुलीनं माझ्या जांघेत बोटं का दाबली होती त्याचा उलगडा झाला. तिनं आधी विचारलं होतं, पडदा ओढला होता, तरी मी खूप अवघडलो होतो. दोन म्हणजे वजन काढून घेतलं तर पूर्ण हालचाल. तीन म्हणजे स्वतःच्या वजनाविरुद्ध पूर्ण हालचाल, बाकी काही नाही. चार म्हणजे वरून दाब दिला तर काही अंशी टिकतो. पाच म्हणजे पूर्ण दाबाला टिकतो.

हे माप पोलिओच्या काळातलं. बोस्टनचे डॉ. रॉबर्ट लोव्हेट पोलिओ झालेल्या मुलांचे स्नायू असे हातानं तपासायचे, आणि त्यांच्या सहकारी विल्हेल्मिन राइट यांनी १९१२ मध्ये ती पद्धत लिहून काढली. शून्य ते पाच हे आकडे रूढ केले ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनं, १९४३ मध्ये, युद्धात मज्जातंतू दुखावलेल्या सैनिकांसाठी. यंत्र नाही, वीज नाही, काही नाही; कॉट आणि हात. मला ही गोष्ट आवडली. पण निरीक्षक म्हणून एक खटकत होतं. शून्य ते तीन ठीक, तिथं पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण हेच प्रमाणित वजन, आणि ते ठाण्यात काय नि बोस्टनमध्ये काय, जवळपास सारखंच. चारपासून मात्र वजन म्हणजे तपासणाऱ्याचा हात. त्या हातावर शिक्का कुणाचा?

व्यायामाचं लांबण लावत नाही. झोपून टाच सरकवणं, मग झोपूनच एकेक गुडघा उचलणं, मग स्वयंपाकघरात ओटा धरून उभ्यानं जागेवर पावलं टाकणं. बायको पोळ्या लाटायची आणि मोजायची. तिचा हिशेब नेहमी दोननं कमी भरायचा, असं माझं मत. गणपतीत आरतीला खुर्चीवर बसलो. नवव्या आठवड्यात पायाला बांधायच्या वाळूच्या पट्ट्या आणल्या, पाव किलोपासून एक किलोपर्यंत. सवयीनं खालच्या वाण्याच्या काट्यावर ठेवून पाहिल्या. एक किलोची भरली ९४० ग्रॅम. मॅडमना सांगितलं तर त्या हसत सुटल्या. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

नवव्या आठवड्याच्याच शेवटी तीन मिळाले. सरळ बसून, न रेलता, न वळवता, मांडी पूर्ण वर आणि तिथं धरलेली. त्या दिवशी रिक्षात चढताना हात पँटकडे गेला होता, पण तिथं पोचेपर्यंत पाय आत होता.

बाराव्या आठवड्यात हाड पक्कं झाल्याचा एक्स-रे आला, तेव्हा कुठं डाव्या मांडीवर पहिल्यांदा तळहात पडला. दाब चढला, मी धरलं, अजून चढला, आणि मांडी लोण्यात सुरी जावी तशी खाली गेली. 'फोर'. शनिवारी दुसरे एक सर येतात, आडव्या अंगाचे. मी मुद्दाम त्यांच्याकडूनही तपासून घेतलं. त्यांनी दिलं 'फोर मायनस'.

"एकाच मालाची दोन वजनं," मी मॅडमना म्हटलं. "असा काटा मी जप्त केला असता."

त्यांनी वाद घातला नाही. म्हणाल्या, सरांचा हात जड आहे, आणि त्यांनी हात गुडघ्याच्या जास्त जवळ ठेवला होता. हे मला समजावून सांगायची गरज नव्हती. प्लॅटफॉर्म काट्याच्या दांडीवर तेच वजन जितकं लांब सरकवाल तितकं भारी पडतं. खुबा हा टेकू, मांडी ही दांडी. दोन बोटं इकडची तिकडं झाली की हिशेब बदलला. म्हणूनच शक्यतो त्याच माणसानं, त्याच बैठकीत, त्याच जागी हात ठेवून तपासायचं आणि आजचा आकडा आपल्याच मागच्या आकड्याशी ताडायचा. आणि चार ही फार लांबलचक पायरी आहे, हेही त्यांनीच कबूल केलं. बोटानं ढकललं तरी पडणारा आणि पूर्ण जोर लावल्यावर थोडाच हलणारा, दोघेही चारच.

मग मी माझा ताणकाटा बाहेर काढला. निवृत्तीनंतर घेतलेला, तबकडीचा, ५० किलोंचा. वाण्याच्या शिक्क्याच्या दहा किलोंच्या वजनाला तो दहा किलो शंभर ग्रॅम दाखवतो, तेवढं मी धरून चालतो. मॅडम आधी नको म्हणाल्या. मग डॉक्टरांना फोन करून विचारलं, आणि एका दुपारी गर्दी नसताना आम्ही ते जमवलं. गुडघ्याच्या वर टॉवेलची घडी, त्यावरून रुंद पट्टा, पट्ट्याला काट्याचा हुक, काट्याचं दुसरं टोक कॉटच्या खालच्या दांड्याला बांधलेलं. ओढ सरळ खाली यायला हवी, तिरकी नाही. उजवी मांडी: २१ किलो. डावी: १२. तीन-तीनदा, मध्ये विश्रांती घेऊन, सरासरी. तीन आठवड्यांनी डावी १५ झाली. हातानं तपासलं तर तेव्हाही 'फोर', आताही 'फोर'. तीन किलोंची प्रगती त्या आकड्यात मावतच नव्हती.

मी जिंकलो होतो. निदान मला तसं वाटलं. घरी वहीत मी तक्ताच आखला.

डिसेंबरात शेवटची तपासणी. कचराळी तलावाला सकाळी दोन फेऱ्या सुरू झाल्या होत्या, दुसऱ्या मजल्यावर पायाआड पाय टाकत चढत होतो, आता सोडून देणार हे ठरलंच होतं. ताणकाटा लावला. मी तबकडीकडे डोळे लावून जोर केला. काटा पंधरा, सतरा, आणि थरथरत एकोणीसवर.

"एकोणीस!" मी म्हटलं.

मॅडमचं लक्ष तबकडीकडे नव्हतंच. त्या माझ्या बाजूला, खांद्याच्या रेषेत उभ्या होत्या.

"पुन्हा करा काका. रेललात."

मी आरशात पाहिलं. सरळ बसलो, हनुवटी खाली घेतली, पुन्हा केलं. सोळा. त्यांनी कागदावरचा १९ खोडला आणि १६ लिहिला.